मापाऱ्याचं आटोपशीर आख्यान

आमच्याकडचं कीर्तन बसच्या वेळेवर चालायचं.

कुवेतमध्ये फिंतासला, समुद्राच्या बाजूच्या एका इमारतीत आमची जागा. शुक्रवारी दुपारी हॉलमधला सोफा ढकलत बेडरूममध्ये न्यायचा, सतरंज्या अंथरायच्या, खिडक्या लावून घ्यायच्या. संध्याकाळी कॅम्पातून आपली कोकणातली माणसं यायची. कोणी वेल्डर, कोणी फिटर, कोणी सुतार. बायकामुलं गावाकडे, इथे एका खोलीत लोखंडी खाटा एकावर एक. कंपनीची बस त्यांना सुट्टीच्या दिवशी बाजारासाठी सोडायची आणि ठरल्या वेळी परत न्यायची. बाजार टाकून ती आमच्याकडे येत. ड्रायव्हर मात्र कुणासाठी थांबत नसे.

त्यामुळे नमन, पूर्वरंग, मधे हार आणि बुक्का, मग आख्यान, आरती, प्रसाद, हे सगळं तेवढ्यात बसवायचं. माझे यजमान दत्तप्रसाद इथे तेलाच्या कंपनीत इंजिनियर, पण घराण्यात कीर्तनाची गादी. देवगडकडच्या त्यांच्या काकांना एकेका आख्यानाला रात्र पुरायची नाही. ह्यांनी ती आख्यानं काकांकडून तोंडपाठ घेतली आणि कुवेतला आल्यावर एकेकाला कात्री लावली. कात्री लावायची तरी कुठे? विनोद काढला तर दिवसभर उन्हात राबलेली माणसं पेंगतात. देवाचं प्रकट होणं काढलं तर मग कीर्तन कसलं! राहता राहिलं दुःख. ते काढायचं. भक्तावर संकट आलं, दोन ओळींची एक साकी म्हटली, की देव दारात.

जयराम वेल्डर आमच्या तबल्यावर. मालवणकडचा, जिभेला हाड नाही. तो म्हणायचा, "बुवानूं, तुमचो देव भारी वक्तशीर हां! आमची बस येऊच्या आदी येता."

"अरे, त्यालाही माहीत आहे ना, कॅम्पातलं जेवण संपतं ते," हे हसून म्हणायचे.

पेटी माझ्याकडे. मला कीर्तनाचं वेड परकरात असल्यापासून. माझं आपलं साधं मत आहे, देवळात मूर्ती असते आणि कीर्तनात देव असतो. तो शब्दांत नसतो, दोन शब्दांच्या मधे बुवा श्वास घेतात ना, तिथे असतो. मग ते कीर्तन फिंतासला एसीच्या घरघरीत होवो नाहीतर रामेश्वराच्या सभामंडपात.

रुकय्या आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. अझरबैजानची, बाकूची. ह्यांच्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत तेलाचे नमुने तपासायची. लग्न केलं नव्हतं. दोन हजार तीनच्या मार्चमध्ये शेजारी इराकात लढाई पेटली आणि इथे भोंगे वाजायला लागले, तेव्हा ती आमच्या मधल्या खोलीत येऊन बसायची. खिडकीच्या फटींना आम्ही टेप चिकटवलेली. मी स्तोत्र म्हणायची, ती दुआ पुटपुटायची. तिच्या देशात सत्तर वर्षं देवाला सुट्टीच दिलेली, त्यामुळे तिला दुआ अर्धीच यायची. आजीने चोरून शिकवली होती तेवढी. अर्धी झाली की पुन्हा पहिल्यापासून. भोंगे थांबले, पण ती वर यायची थांबली नाही. शुक्रवारी कीर्तनालाही बसू लागली. भाषा कळत नसे. आमच्या समोरच्या बिऱ्हाडातली विजया तिच्या शेजारी बसून इंग्रजीत सांगायची. विजया गिरगावातली, कामाला आणि बोलण्याला चटपटीत. ह्यांनी घाम गाळून राजाचा क्रोध रंगवावा, की विजया तिच्या कानात सांगणार, "किंग इज अँग्री." संपलं.

"एवढंच?" रुकय्या विचारायची.

"बाकीचं म्युझिक आहे गं," विजया म्हणायची.

त्या ऑक्टोबरात तिच्या देशात अध्यक्षाची निवडणूक होती. बाप अध्यक्ष, आजारी, मुलगा उमेदवार. विजयाने ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे घरचंच कार्य." रुकय्याही हसली. म्हणाली, "निकाल सगळ्यांना माहीत आहे. मतदान फक्त शिष्टाचार."

बुधवारी मतदान झालं. गुरुवारी आम्हाला सुट्टी. ती सकाळीच वर आली. चहा हातात घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला.

"यूसुफ फोन उचलत नाही."

यूसुफ तिचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, हिनेच त्याला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. तो बाकूपासून दूर एका लहान गावात शाळेत गणित शिकवायचा. त्याच शाळेत मतदान केंद्र, आणि हा केंद्राच्या समितीचा सचिव. मतमोजणी झाली की एक पत्रक भरायचं, खाली अध्यक्षाने आणि सचिवाने सही करायची, मग ते वर जायचं. दुपारी यूसुफच्या बायकोचा, सफियाचा फोन आला तेव्हा काय घडलं ते कळलं. यूसुफने मतं मोजली आणि सवयीप्रमाणे आकडे वर्गातल्या फळ्यावर लिहिले. मग गावच्या कचेरीतून एक माणूस पत्रक घेऊन आला. ते आधीच भरलेलं होतं. त्यातले आकडे फळ्यावरच्या आकड्यांशी जुळेनात. यूसुफने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, माझ्या मुलांना मी वजाबाकी शिकवतो, मी ह्याच्यावर सही करणार नाही.

तेवढंच केलं त्याने. भाषण नाही, घोषणा नाही. बाकूच्या चौकात दुसऱ्या दिवशी लोक जमले, लाठ्या चालल्या, शेकड्यांनी धरपकड झाली; यूसुफ तिथे गेलाही नव्हता. तरी संध्याकाळी त्याला घरातून नेलं. आरोप काय, तर लोकांना भडकावलं.

आठवडा असाच गेला. रुकय्या प्रयोगशाळेतून आली की थेट आमच्याकडे यायची आणि आमच्या फोनकडे बघत बसायची, जणू तिच्या घरच्या फोनला बातमी सांगायचा धीर होणार नाही. हे कंपनीतल्या ओळखीच्या लोकांशी बोलले. कोणी हळहळलं, कोणी म्हणालं दुसऱ्याच्या देशातल्या भानगडीत पडू नका, इकामा सांभाळा. इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना. तो शब्द आला की आम्ही सगळेच विषय बदलतो.

मग पुढच्या गुरुवारी ती वर आली आणि दारातच म्हणाली, "शनिवारी मला त्याच्याशी बोलायला देणार आहेत."

मी देवाला हात जोडले. "अगं, मग चांगलं झालं की!"

"चांगलं काय त्यात? मी सही कर म्हणावं म्हणून देणार आहेत."

तिला यूसुफच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने फोन केला होता. तोच केंद्राचा अध्यक्ष. माणूस दुष्ट नव्हता, ती म्हणाली, घाबरलेला होता. म्हणत होता, तू त्याला आईच्या जागी आहेस, तुझं ऐकेल. शपथविधीच्या आधी कागद नीट हवेत. सही केली की त्याच संध्याकाळी घरी. दुसऱ्या केंद्रांवर ज्यांनी आढेवेढे घेतले होते, ते सगळे सह्या करून घरी गेले. आणि नाही केली, तर पुढचं माझ्या हातात नाही.

"सफिया काय म्हणते?" मी विचारलं.

"ती रडते. म्हणते, बाजी, त्याला सांग. मुलगी बापाशिवाय झोपत नाही." बाजी म्हणजे त्यांच्यात ताई.

"आणि तू?"

"मला माहीत असतं तर जिने चढून वर आले असते का?" तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "लहानपणी शेजाऱ्याच्या झाडाचं एक डाळिंब खिशात घालून आला होता. मी त्याला परत पाठवलं, माफी मागायला लावली. थंडीत. त्याला ताप होता. शर्मिला, मीच त्याला असा केला. आता मीच सांगू, कर खोट्यावर सही?"

हे आत पुस्तक वाचत बसले होते. बाहेर आले. तिने ह्यांच्याकडे वळून विचारलं, "मिस्टर दत्ता, तुमचा भाऊ असता तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

ह्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "मी कोण सांगणार? उद्या कीर्तनाला या."

ती गेल्यावर मी विचारलं, "अहो, उद्या काय लावताय?"

"मापाऱ्याचं."

"तिच्यासाठी?"

"तिच्यासाठीच."

माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा. वाटलं, ह्यांच्या मुखातून देवच तिला उत्तर देणार.

दिवाळीतला शुक्रवार तो. कॅम्पातली झाडून सगळी आली होती. मी चकल्या आणि शंकरपाळ्यांचे डबे भरून ठेवले होते. हे धोतर, उपरणं, पगडी घालून उभे राहिले, आणि पहिल्या आलापातच मला कळलं की आज काही वेगळं आहे. इतकी वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला पेटी घेऊन बसले, पण असा आवाज ऐकला नव्हता.

मापाऱ्याचं आख्यान असं. गावात धान्य मोजणारा मापारी असतो. खळ्यावर भाताची रास पडली की हा माप भरून भरून टाकतो. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. त्याने उच्चारलेला आकडा म्हणजे गावाचा शब्द. गडावरच्या सरदाराने गावाचं भात घेतलं आणि मापाऱ्याला सांगितलं, चार गावांसमोर म्हण की भात कमी भरलं. म्हणजे पुन्हा वसुली करता येईल. मापारी म्हणाला, भात पुरं आहे. सरदाराने मोहरा दाखवल्या, मग चाबूक दाखवला. मापारी म्हणतो,

माप धरियले हाती देवा, माप तुझे मी मोडू कसे?
पुरे भरे जे त्यास उणे मी तुझ्यासमोरी जोडू कसे?

ह्या ओळीला ह्यांनी मागे वळून मला खूण केली, सूर धरून ठेव. जयरामने तबला थांबवला. बिनतालाची ती ओळ ह्यांनी पुन्हा म्हटली. समोर बसलेले आडदांड बाप्ये डोळे पुसत होते. मापाऱ्याला गडावरच्या पेवात टाकलं, म्हणजे जमिनीखाली धान्य साठवायच्या खड्ड्यात, वर दगड लोटला. एक साकी झाली, आणि लगेच भरभर म्हणायचा कटाव सुरू. गडाच्या दरवाज्यात एक म्हातारा मापारी आला, घोंगडी पांघरलेला. म्हणाला, मी मोजतो. 'लाभ' म्हणून त्याने पहिलं माप टाकलं, आणि रास संपेचना! भात सरदाराच्या पायावर आलं, गुडघ्यावर आलं, छातीवर आलं. सरदार ओरडला, पुरे देवा, पुरे! पेवावरचा दगड निघाला. मापारी बाहेर आला तर म्हातारा नाहीसा, आणि गावच्या रामेश्वराच्या पिंडीवर भाताचं एक तूस.

"बोला..." म्हणताच हॉल दणाणला. त्या दिवशी विजयानेही भाषांतरात काटकसर केली नाही. रुकय्याच्या हाताला धरून ती एकेक वाक्य सांगत होती आणि स्वतःच मुसमुसत होती.

आरती झाली. आमच्याकडे रीत आहे, कीर्तन झालं की लहानथोर सगळे बुवांच्या पाया पडतात. त्या वेळी तो माणूस नसतो, नारदाच्या गादीवर उभा असतो. रुकय्याही रांगेत उभी राहिली. ह्यांच्या समोर आली, वाकली नाही, पण छातीवर हात ठेवून मान लववली. तिचा चेहरा दिव्यासारखा झाला होता.

"आला," ती मला म्हणाली. "तो म्हातारा आला."

शनिवारी तिने रजा काढली आणि मला खाली बोलावलं. फोन वाजला. तिची भाषा मला येत नाही, मी फक्त चेहरा बघत होते. आधी ती खूप भरभर बोलली. मग ऐकत राहिली. मग तिने डोळे मिटले आणि चार-पाच शब्द सावकाश उच्चारले, लहान मुलाला भरवावं तसे. मग एक शब्द आला असेल, आणि फोन कट झाला.

"काय म्हणाला?"

"बरा आहे म्हणाला. आवाज बसलाय. मग म्हणाला, बाजी, सही करू का?"

"मग?"

"मी म्हटलं, नको. तू खरा आहेस. खरं वर येतंच."

"आणि तो?"

"काही बोलला नाही. मग म्हणाला, बरं."

मी तिला जवळ घेतलं. आम्ही दोघी रडलो, पण ते रडणं वाईट नव्हतं. मी वर येऊन देवापुढे साखर ठेवली.

दोन दिवसांनी रमजान लागला. रुकय्याने आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण महिना रोजे धरले. बाकूला शपथविधी झाला. नवीन अध्यक्षाचं छायाचित्र वर्तमानपत्रात आतल्या पानावर आलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदात मी चिरलेल्या भाजीची सालं गुंडाळली. यूसुफची बातमी नाही. सफिया फोन उचलेना. ईद झाली. थंडी पडली, लोक वाळवंटात तंबू ठोकून राहायला जाऊ लागले. रुकय्या दर शुक्रवारी यायची आणि पुढच्या रांगेत बसायची. तिची नजर आमच्या दाराकडे असायची. मला तेव्हा ते भक्तीचं लक्षण वाटायचं.

डिसेंबरात यूसुफच्या खटल्याचा निकाल लागला. त्याला तुरुंगात टाकलं, काही वर्षांसाठी. ते सांगायला सफियाने फोन केला, आणि सांगून झाल्यावर जे बोलली ते रुकय्याने मला एकही शब्द न गाळता सांगितलं. ज्यांनी सह्या केल्या ते त्या शनिवारी घरी जेवले, सफिया म्हणाली. आणि तुझ्या भावाची सही हवी होती असं वाटतं का तुला? पत्रक तर त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाची तरी सही घेऊन वर गेलं होतं. ते सहीसाठी थांबलेच नव्हते. त्यांना त्याची मान खाली झालेली हवी होती, आणि तो ती घालायला तयार होता. मुख्याध्यापकाने मला सांगितलंय. तो आधीच पेन हातात घेऊन बसला होता, बाजी. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं त्याला फक्त.

त्याच आठवड्यात शुक्रवारी माणसं जमायच्या आधी ती वर आली. हे पगडी बांधत होते. मी पेटीचा भाता मोकळा करत होते. जयराम तबल्याला हातोडी लावत होता.

"मिस्टर दत्ता," ती म्हणाली, "तुमच्या त्या माणसाला खड्ड्यात किती दिवस ठेवलं होतं?"

हे गोंधळले. "कोणाला?"

"धान्य मोजणाऱ्याला."

ह्यांनी पगडी खाली ठेवली. खोटं बोलणं ह्यांना जमत नाही. त्या क्षणी जमलं असतं तर बरं, असं मला वाटून गेलं.

"एक तप," ते म्हणाले. "म्हणजे बारा वर्षं."

"बारा वर्षं." तिने ते तोंडात घोळवलं. "आणि त्या बारा वर्षांत काय झालं?"

"आख्यानात... काकांच्या आख्यानात त्याची दृष्टी जाते. अंधारात राहून. बायको गावोगाव भीक मागते. एक मूल जातं."

"हे तुम्ही गायला नाहीत."

"नाही."

"का?"

हे तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बस जाते."

जयरामची हातोडी हवेतच राहिली. रुकय्याने एकदा सतरंज्यांकडे पाहिलं, एकदा देवाच्या फोटोकडे, आणि जिना उतरून गेली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवशी ह्यांनी पूर्वरंग केला, हार घालून घेतला, आणि उत्तररंगाला उभे राहिल्यावर आख्यान लावलंच नाही. नुसतं नाम घेत राहिले. आम्ही मागून ओढत होतो. बस यायच्या कितीतरी आधी आरती झाली. प्रसादाचे द्रोण वाटताना जयराम हळूच म्हणाला, "बुवानूं, आज देव नाय इलो?"

"नाही रे," हे म्हणाले. "आज नाही आला."

पुढे रुकय्या वर येईनाशी झाली. मी खाली जायची. ती दार उघडायची, चहा करायची, प्रयोगशाळेतलं काहीबाही सांगायची. भावाबद्दल एकदाच बोलली. "तो मला विचारत नव्हता, शर्मिला. मागत होता. वाढवलेल्या पोराचं मागणं मला ओळखता आलं नाही, कारण माझे कान आदल्या दिवशीच्या गाण्याने भरलेले होते."

मी म्हटलं, "देव..." आणि चहाचे कप विसळायला उचलले. देव नाही असं मला तेव्हाही वाटलं नाही, आज तर नाहीच. पण त्या स्वयंपाकघरात त्याचं नाव पुरं करायला माझी जीभ वळली नाही.

मार्चमध्ये, त्यांच्या नवरोजच्या सणाला काही कैदी माफी देऊन सोडले, त्यात यूसुफ होता. सोडला म्हणजे काय, छाती पोखरलेला माणूस इस्पितळाच्या दारात आणून ठेवला. क्षय. तुरुंगात एकाचा दुसऱ्याला होतो. सफिया मुलीला घेऊन माहेरी निघून गेली होती. मुलीला लागण होईल म्हणून, आणि इतर कारणांनीही. रुकय्याने इस्पितळात फोन लावला. नर्सने त्याला विचारलं, बहीण आहे, बोलतोस का. त्याने मान फिरवली, असं नर्सने सांगितलं.

तिने नोकरीचा राजीनामा दिला. इकामा रद्द झाला की परत येणं नाही, हे कंपनीतल्या सगळ्यांनी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं. "तो बोलणार नाही तुझ्याशी," मी म्हटलं. ती म्हणाली, "न बोलणाऱ्यालाही खायला लागतं."

जायच्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन खाली निघाले तर हे मागून आले. इतक्या महिन्यांत त्यांनी तिला तोंड दाखवलं नव्हतं. जिन्यातच मला म्हणाले, "तू थांब, मी आधी जातो," आणि मग माझ्याआधी जाऊन दारात घुटमळत राहिले. शेवटी बेल मीच वाजवली.

घर रिकामं झालं होतं. मधे जमिनीवर एक मोठी बॅग, तोंड वासलेली. तिच्यात औषधांचे खोके, लोकरीचे गंजीफ्रॉक, एक पातेलं. हे आत गेले आणि एकदम खाली वाकले. ज्यांच्या पायावर दर शुक्रवारी अख्खा हॉल डोकं टेकायचा, त्या माणसाने तिच्या पायांपुढे फरशीवर डोकं टेकलं.

ती दचकून मागे सरली. "हे काय! नको, नको. आमच्यात असं करत नाहीत."

ह्यांना उठता येईना. खांदे हलत होते.

"मिस्टर दत्ता, उठा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. कामाची घाई होती. "उठा आणि ह्या बॅगेवर बसा. बंद होत नाहीये."

हे उठले. उपरण्याने डोळे पुसायची सवय, पण अंगावर ऑफिसचा शर्ट. त्याच्या बाहीने पुसले. बॅगेवर बसले, लहान मुलासारखे पाय जुळवून. ती गुडघ्यावर बसून चेन ओढू लागली. कोपऱ्यात अडकली. मी दुसऱ्या बाजूने दाबलं. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला.

चेन ओढता ओढता, वर न बघता तिने विचारलं, "तुमच्या काकांच्या पूर्ण आख्यानात, सगळ्या रात्रीच्या, त्या माणसाला बहीण होती का?"

हे विचार करू लागले. खरोखरच विचार केला त्यांनी. ओठांवर पदं पुटपुटून पाहिली.

"नाही," ते म्हणाले. "बायको, मुलं, म्हातारी आई. बहीण नाही."

"तरीच," ती म्हणाली, आणि उरलेली चेन एका हिसक्यात लावून टाकली.